न्याहारीनंतरची प्रार्थना

भुकेल्याला अन्न देणाऱ्याविषयी जगातल्या सगळ्याच भाषांत उदंड लिहिले गेले आहे. अन्न घेणाऱ्याविषयी फार थोडे. जे थोडे आहे त्यातही घेणारा दिसतो तो देणाऱ्याच्या नजरेतून. त्याचे डोळे पाणावतात, तो हात जोडतो आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसा होतो. आपल्या पांढरपेशा मराठी कथेतली दाराशी आलेली भिकारीण आठवून पाहावी. शिळी पोळी पदरात पडली की तिचे कथेतले काम संपते. उरलेली कथा पोळी देणाऱ्या वहिनींच्या कोमल अंतःकरणाची असते. दलित साहित्याने हा क्रम मोडला. येसकरपाळीची भाकरी कशी लागते हे ती वाढणाऱ्याने सांगितले नाही, खाणाऱ्याने सांगितले. त्या सांगण्यात भूक होती, आणि भुकेपेक्षा जास्त जाळणारे काहीतरी होते.

हीच कसोटी हाती घेऊन मी अलीकडे तीन इंग्रजी पुस्तके पुन्हा वाचली. जॅक लंडनचे 'द पीपल ऑफ द अ‍ॅबिस' (1903), बर्नार्ड शॉचे 'मेजर बार्बरा' हे नाटक (रंगभूमीवर 1905) आणि जॉर्ज ऑर्वेलचे 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' (1933). आपल्या विद्यापीठांतून शॉ शिकवला जातो तो विचारनाट्याचा नमुना म्हणून, ऑर्वेल शिकवला जातो तो सोप्या गद्याचा नमुना म्हणून. परंतु तिन्ही पुस्तकांत बेघर माणसाला खाऊ घालणारी ख्रिस्ती मंडळी आहेत आणि तिन्हींमध्ये त्या खाण्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्न आहे. तो प्रश्न वर्गात विचारला गेल्याचे मला आठवत नाही.

या मंडळींत सर्वांत पुढे होती साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात ती. तिच्याविषयी आधी न्यायाने बोलले पाहिजे. विल्यम बूथ हा गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गरिबी जवळून पाहिलेला मनुष्य. तरुणपणी नॉटिंगहॅममध्ये त्याने वस्तीतली फाटकी पोरे गोळा करून प्रार्थनामंदिरात नेली, तेव्हा यापुढे यांना मागच्या दाराने आणा आणि कोणाला दिसणार नाहीत अशा जागी बसवा, असे त्याला बजावण्यात आले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात सांगितली जाते. मागच्या दाराचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. 1865 साली लंडनच्या पूर्व भागात बूथ आणि त्याची पत्नी कॅथरीन यांनी नवी मिशन काढली. 1878 मध्ये तिने मुक्तिफौज हे नाव घेतले. ती मागच्या दाराला दिलेले उत्तर होती. तिला मंदिर नको होते, तिची सभा रस्त्यावर भरे. बायकांना प्रवचनाचा आणि अधिकारपदाचा हक्क तिने दिला, आणि तोही अशा काळात, जेव्हा प्रस्थापित चर्चमध्ये बायकांनी गप्प बसणे हाच धर्म होता. दारूवाल्यांच्या आशीर्वादाने गुंडांनी तिच्या मिरवणुकांवर दगड मारले, शेण फेकले. येथवर ही कथा आपल्याला परकी वाटत नाही.

1890 मध्ये बूथने 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' हे पुस्तक काढले. त्याच वर्षी स्टॅन्लेचे आफ्रिकेच्या काळोख्या जंगलाविषयीचे पुस्तक गाजत होते. बूथने विचारले, काळोख तिकडेच आहे काय? आपल्या देशाचा दहावा हिस्सा बुडालेला आहे, असा त्याचा हिशेब. त्या पुस्तकातला सर्वांत प्रभावी युक्तिवाद भाड्याच्या गाडीला जुंपलेल्या घोड्याचा आहे. लंडनच्या रस्त्यात घोडा पडला तर तो कोणाच्या चुकीने पडला याची चौकशी होत नाही, आधी त्याला उठवतात. आणि जोवर तो जिवंत आहे तोवर त्याला रात्रीचा निवारा, पोटाला चारा आणि करायला काम मिळते. माणसाला निदान एवढे तरी मिळावे, ही बूथची मागणी. माणसाची मागणी घोड्याच्या पायरीपर्यंत खाली आणावी लागते यातला उपरोध त्याला कळत होता. आपल्याला तो अधिकच कळतो. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत त्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला.

पण बूथच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. उठवलेल्या घोड्याकडून कोणी प्रार्थना म्हणवून घेत नाही.

जॅक लंडन 1902 च्या उन्हाळ्यात जुने कपडे चढवून लंडनच्या पूर्व भागात राहिला. बेघर माणसाला रात्री उघड्यावर झोपू द्यायचे नाही असा त्या वेळचा पोलिसी शिरस्ता होता. म्हणून ज्याच्याकडे बिछान्याचे पैसे नसत तो रात्रभर चालत राही आणि सकाळी बागांची दारे उघडली की गवतावर कोसळे. अशी रात्र काढलेली सुमारे सातशे माणसे रविवारी सकाळी मुक्तिफौजेच्या न्याहारीसाठी रांगेत उभी आहेत. प्रथम रस्त्यावर तासन्‌तास, मग आवारात दाटीने पुन्हा उभे. अखेर कागदाच्या पुडीत पावाचे दोन काप, केकचा तुकडा, चीजची चकती आणि नावापुरता चहा हाती येतो. खाणे संपताच निम्मी माणसे मेजावर डोके टेकून झोपी जातात. आणि मग दिसते की प्रार्थनेची तयारी चालली आहे, तिच्यासाठी थांबावेच लागणार आहे.

लंडन म्हणतो, मला जाऊ द्या, मला काम शोधायचे आहे. त्याला अधिकाऱ्यापुढे उभे करतात. अधिकाऱ्याचा राग पाहण्यासारखा आहे. तुला काम शोधण्याची धमक असेल तर तू या न्याहारीला पात्रच नव्हतास, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. म्हणजे पात्र कोण? ज्याला पुढे कोठेच जायचे नाही तो. अन्न देणाऱ्याला त्या माणसाचे पोट भरायचे होते हे खरे, पण त्याने भरल्या पोटी उठून आपल्या पायांनी निघून जावे, हे मात्र त्याला सहन होत नव्हते. त्या संपूर्ण पुस्तकात या एका प्रसंगाइतके मला दुसरे काही खरे वाटले नाही. बाकी लंडनची भाषा कित्येकदा त्या वस्तीतल्या माणसांना निकृष्ट जातीची पैदास ठरवण्यापर्यंत घसरते, आणि तिथे तो बूथपेक्षाही दूरचा वाटतो.

शॉने हेच हास्याच्या अंगाने पाहिले आहे. 'मेजर बार्बरा'च्या दुसऱ्या अंकात वेस्ट हॅमच्या आश्रयगृहात स्नॉबी प्राइस नावाचा इसम पाव आणि काकवी खात बसला आहे. तो सांगतो की आपण पूर्वी फार वाईट होतो, आईला मारत होतो. हे साफ खोटे आहे. उलट आईच त्याला मारत असे. पण मुक्तिफौजेला पश्चात्ताप हवा असतो, म्हणून तो पश्चात्ताप पुरवतो. रमी मिचेन्स ही बाई त्याच्या जोडीला आहे. तिची तक्रार अशी की, पुरुषांना आपली पापे सभेत ओरडून सांगता येतात, आम्हा बायकांना मात्र ती एकेका बाईच्या कानात सांगावी लागतात. गरिबाजवळ विकायला काही उरले नाही की तो आपला भूतकाळ विकतो, आणि गिऱ्हाईकाला काळाकुट्ट भूतकाळ आवडत असेल तर तो तसा रंगवून देतो. (दलित आत्मकथनांच्या बाबतीत आपल्यावरही हा आरोप झाला. फरक एवढाच की, आम्ही जे सांगितले त्यात पापी आम्ही नव्हतो.)

या अंकातला खरा माणूस पीटर शर्ली. केस पांढरे झाले म्हणून कामावरून काढून टाकलेला कामगार. त्याने जन्मात फुकट काही खाल्लेले नाही. पाव पुढे येतो तेव्हा तो हे घेणार नाही म्हणतो, आणि भूक त्याला घ्यायला लावते. शॉने त्याला फार वेळ दिलेला नाही. नाटक पुढे बार्बरा आणि तिचा तोफांचा कारखानदार बाप यांच्या वादाकडे वळते. दारूवाल्या बॉजरचे पाच हजार पौंड, बापाचे पाच हजार पौंड, मुक्तिफौजेने ते आनंदाने घेतले आणि बार्बराने आपला बिल्ला काढून ठेवला. पैसा कोठून आला हा प्रश्न शॉने जगाला विचारला हे त्याचे मोठेपण. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात घोळत राहिला तो पीटर शर्ली. आश्रयगृह ज्यांच्या पैशावर चालते त्यांच्याच कारखान्यांतून त्याच्यासारखी माणसे बाहेर फेकली जातात, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

ऑर्वेलपाशी आल्यावर वाचक घेणाऱ्यांच्या बाकावर येऊन बसतो. त्याच्या पुस्तकात धर्मादाय चहाचे दोन प्रसंग आहेत. पहिल्यात पत्र्याच्या छपराखाली एक बाई भटक्यांना चहा आणि गोड पाव देते, मग सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून प्रार्थना. बाई मनाने चांगली आहे. भटके टोप्या काढून, माना खाली घालून अवघडून बसतात. बाहेर पडल्यावर कुरकुर सुरू होते की, दोन पेन्सच्या चहासाठीही गुडघे टेकावे लागतात. दुसरा प्रसंग किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या चर्चमधला. शंभराच्या आसपास भटके, प्रत्येकाला मुरंब्याच्या बरणीत चहा आणि मार्गारिन लावलेले पावाचे सहा काप. खाऊन झाल्यावर दाराजवळचे काही जण पळून जातात. उरलेले सज्जात बसून प्रार्थनेच्या वेळी उघड उघड हसतात, बडबड करतात, पाद्रीबाबांची फजिती करतात. खाली नेहमीचे मूठभर भाविक, वर ही झुंड.

सुसंस्कृत वाचकाला येथे भटक्यांचा राग येतो. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत, असे त्याला वाटते. ऑर्वेलला तसे वाटत नाही. दान घेणारा मनुष्य दान देणाऱ्याचा द्वेष करतो, आणि पाठीशी माणसे असली की तो द्वेष बाहेर पडतो, असे तो शांतपणे नोंदवतो. एकट्या गुडघ्यावर बसलेल्या माणसात जो अपमान मुका होता त्याला संख्येने तोंड फुटले. हा विद्रोह नव्हे. त्याला दिशा नाही, उद्या हीच माणसे दुसऱ्या चर्चच्या दारात उभी राहतील. पण विद्रोहाचा कच्चा माल हाच असतो. महाडच्या परिषदेत मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टेमाष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस टाकून द्यायला सांगितले. सज्जातल्या त्या माणसांना असे सांगणारे कोणी नव्हते.

ऑर्वेलच्या पुस्तकात एक तिसराही प्रसंग आहे, आणि तो नसता तर मी हा लेख कदाचित लिहिला नसता. टेम्स नदीच्या काठी, एम्बँकमेंटवर, रात्री एक तरुण पाद्री येतो आणि जेवणाची तिकिटे वाटतो. तो लाजतो. कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, आभारासाठी थांबत नाही, घाईघाईने हातात तिकीट देतो आणि पुढे सरकतो. भटके खूश होतात आणि एक जण शिवी घालून म्हणतो की, हा काही कधी बिशप होणार नाही. त्यांच्या मते ही स्तुती होती. (त्या तिकिटांवर खानावळवाले ठरल्यापेक्षा कमी जेवण देऊन भटक्यांना फसवत, हेही ऑर्वेल सांगायला विसरत नाही.) पाद्र्याचे लाजणे महत्त्वाचे आहे. आपल्याजवळ तिकीट आहे आणि समोरच्याजवळ नाही, या गोष्टीची त्याला शरम वाटते. मुक्तिफौजेची वसतिगृहे स्वच्छ होती, नियम कडक होते, दिवे वेळेवर मालवत. ऑर्वेल तिथे झोपला आणि त्याला तिथे दानाचा कुबट वास आला. स्वच्छतेने तो वास जात नाही.

हे लिहिताना मला मागच्या हिवाळ्यातली एक रात्र आठवते. आमच्या गावच्या स्टेशनवर एका मंडळाने बेघरांना ब्लँकेटे वाटली. मंडळ आपलेच होते, जयंतीची वर्गणी उरली होती. मीही गेलो होतो. एका म्हातारीच्या अंगावर ब्लँकेट टाकले, फोटो हलला म्हणून ते काढून घेतले आणि पुन्हा टाकले. मग एका कार्यकर्त्याने तिला म्हटले, ''आजी, जयभीम म्हणा.'' ती म्हणाली. अर्ध्या झोपेत होती, तिने काहीही म्हटले असते. मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही. मुक्तिफौजेच्या त्या अधिकाऱ्यावर वर जे लिहिले ते या रात्रीनंतर लिहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मुक्तिफौज आपल्याकडे आली ती 1882 च्या सप्टेंबरात, मुंबईला. तिचा पुढारी फ्रेडरिक टकर सरकारी सनदी नोकरी सोडून आला होता. त्याने फकीरसिंग हे नाव घेतले, भगवी वस्त्रे घातली, अनवाणी हिंडला. मुंबईच्या रस्त्यांवर मिरवणुका काढल्याबद्दल इंग्रज सरकारने त्याला तुरुंगात टाकले. साहेबाने साहेबी टाकावी, ही गोष्ट लहान नव्हती. पण पुढचा इतिहास वेगळा आहे. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले होते, त्यांना 'सुधारण्याचे' काम विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने मुक्तिफौजेकडे दिले. उत्तरेत डोमांच्या वसाहती, आंध्रात एरुकुलांसाठी 1913 साली वसवलेले स्टुअर्टपुरम. बूथच्या 1890 च्या पुस्तकात बुडालेल्यांसाठी शेतीच्या वसाहती होत्या. तीच कल्पना येथे आली, फक्त तिच्याभोवती पोलिसांची हजेरी उभी राहिली. बाहेर जायचे तर परवाना. लंडनच्या न्याहारीनंतर प्रार्थना होती, येथे घासाआधी हजेरी. ज्या माणसाला सरकार पकडून ठेवू इच्छिते त्यालाच आपण वाचवतो आहोत, असे त्या मिशनऱ्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. मीना राधाकृष्ण यांनी 'डिसऑनर्ड बाय हिस्टरी' (2001) या ग्रंथात मद्रास इलाख्यातल्या या व्यवहाराची कागदपत्रे तपासली आहेत. मजुरांची गरज आणि सुधारणेची भाषा एकमेकींच्या हातात हात घालून कशा चालतात हे त्यातून दिसते. 1952 साली तो कायदा गेला. 'मुक्तिफौज' या मराठी नावातली मुक्ती आणि 'विमुक्त' या शब्दातली मुक्ती या दोन मुक्तींची भेट कोणा लेखकाने घडवून आणली पाहिजे.

सगळीच नवी ख्रिस्ती मंडळी या वाटेने गेली असे मात्र म्हणता येत नाही. ऑर्वेलचे पुस्तक आले त्याच 1933 साली, मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये डोरोथी डे या बाईने 'कॅथलिक वर्कर' हे एका सेंटचे वर्तमानपत्र विकायला काढले. ती डाव्या चळवळीतली पत्रकार, 1927 मध्ये कॅथलिक झालेली. मंदीचे दिवस होते. वर्तमानपत्राच्या मागोमाग आतिथ्यगृहे निघाली. तिथे सूपच्या रांगेतल्या माणसाला पाहुणा म्हणत. तो लायक की नालायक हे विचारत नसत, त्याच्याकडून प्रार्थना म्हणवून घेत नसत. मदतीला येणारे तरुण त्याच घरात, त्याच ढेकणांत राहत. 1950 नंतरच्या वर्षांत मायकेल हॅरिंग्टन नावाचा एक तरुण असाच तिथे राहिला, आणि 1962 मध्ये त्याने अमेरिकेतल्या दारिद्र्यावर 'द अदर अमेरिका' हे पुस्तक लिहिले. स्वयंसेवेने स्वयंसेवकाला काय शिकवावे याचे हे एक उदाहरण. शॉच्या नाटकातल्या धनादेशालाही येथे उत्तर आहे. न्यूयॉर्क शहराने त्यांची इमारत ताब्यात घेऊन मोबदला दिला, तेव्हा रक्कम उशिरा मिळाल्याबद्दलचे व्याज डोरोथीने 1960 साली परत पाठवले. व्याजाचा पैसा आम्हाला चालत नाही, म्हणाली.

तरीही माझे एक भांडण उरते. डोरोथी डे स्वेच्छेने घेतलेल्या गरिबीचा गौरव करते. दैन्य आणि गरिबी यांत ती फरक करते, दैन्याला ती चांगले म्हणत नाही, हे मान्य. पण गरिबी स्वेच्छेने घ्यायची तर आधी टाकून द्यायला काहीतरी हातात असावे लागते. रांगेतल्या माणसाला हा पर्याय कोणी दिलेला नसतो. जॅक लंडनने पूर्व भागात जाताना बंडीच्या आत सोन्याचे नाणे शिवून ठेवले होते. ऑर्वेल ईटनचा विद्यार्थी, ब्रह्मदेशातला पोलीस अधिकारी. फाटका कोट काढून तो केव्हाही परत जाऊ शकत होता, आणि गेलाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण तिन्ही पुस्तकांत आणि डोरोथीच्याही लेखनात रांगेतला माणूस बोलतो तो दुसऱ्याच्या वहीत.

आपल्याकडे लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' 1980 मध्ये आले, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987 मध्ये. ज्यांची हजेरी घेतली जात होती त्यांनी स्वतः वही हातात घेतली. त्यांच्या बंडीत नाणे शिवलेले नव्हते. स्टुअर्टपुरमच्या कोणा म्हाताऱ्याने, किंवा आमच्या स्टेशनवरच्या त्या आजीने, आपल्याला अन्न देणाऱ्यांविषयी लिहिलेले पुस्तक माझ्या हाती पडेल तेव्हा बूथ, शॉ, ऑर्वेल हे सगळे मला पुन्हा वाचावे लागतील. त्या आजीचे नाव मी त्या रात्री विचारले नव्हते.